‘नको’ म्हणायचा हक्क आणि ‘हवं’ म्हणायचा हक्क

2009 साली हंगेरीत घरी बाळंत व्हायला कायद्याची मनाई नव्हती. पण घरी जाऊन प्रसूती करणाऱ्या डॉक्टरला किंवा मिडवाइफला, म्हणजे प्रशिक्षित सुईणीला, दंड होऊ शकत होता. बाईने घरी खुशाल बाळंत व्हावं, फक्त जाणतं माणूस सोबत घेऊ नये, असा त्याचा सरळ अर्थ. ॲना टर्नोव्स्की या गरोदर बाईने याविरुद्ध स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर 2010 मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. आई कशी आणि कुठे व्हायचं हे ठरवणं हा खाजगी आयुष्याचाच भाग आहे, आणि मदतीला येणाऱ्याच्या डोक्यावर शिक्षेची टांगती तलवार ठेवली तर तो हक्क नावापुरताच उरतो, असं न्यायालयाने म्हटलं.

पुढे तसाच प्रश्न झेक प्रजासत्ताकातून त्याच न्यायालयात आला. तिथे मिडवाइफना घरी प्रसूती करायला परवानगीच नव्हती. 2016 मध्ये मोठ्या पीठाने 12 विरुद्ध 5 मतांनी सांगितलं की इथे हक्कभंग झालेला नाही, असे नियम ठरवायची मोकळीक देशांना आहे.

न्यायालय एकच, हक्कही तोच, आणि उत्तरं दोन. बाळंतपण, गर्भपात, सिझेरियन, नसबंदी यांबद्दलचे कायदे वाचताना माणूस गोंधळतो तो याचमुळे. गोंधळ कमी व्हायचा असेल तर आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. शरीराशी कुणी काही करू पाहत असेल तर त्याला नकार द्यायचा हक्क वेगळा, आणि मला अमुक सेवा हवी आहे असं म्हणायचा हक्क वेगळा. जगभरात पहिला हक्क हळूहळू का होईना, पक्का होत गेला आहे. दुसरा मात्र अजून इतरांच्या मर्जीवर टांगलेला आहे. ही मर्जी मुख्यतः दोघांची असते, डॉक्टरांच्या संघटनांची आणि कायदेमंडळांची.

या दोघांचं नातं आधी समजून घेऊ. आमदार-खासदार वैद्यकीय विषयातले जाणकार नसतात. त्यामुळे विधेयक आलं की ते तज्ज्ञांना विचारतात, आणि तज्ज्ञ म्हणजे बहुतेक वेळा डॉक्टरांची संघटना. ही संघटना दोन कामं एकाच वेळी करते. ती वैद्यकीय ज्ञान गोळा करून मार्गदर्शक सूचना काढते, आणि ती आपल्या सभासदांच्या व्यवसायाचं रक्षणही करते. दोन्ही कामं रास्त आहेत. अडचण येते ती दोन्ही एकाच पत्रावर, एकाच शिक्क्याखाली आली की. कोणतं वाक्य विज्ञानाचं आणि कोणतं व्यवसायाचं हे कायदेमंडळाला वेगळं करता येत नाही, आणि जिच्या शरीराबद्दल सगळं चाललंय ती बाई त्या बैठकीत बहुधा नसतेच.

याचं सर्वात जुनं आणि ठसठशीत उदाहरण अमेरिकेतलं. अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही संघटना 1847 साली स्थापन झाली. त्या काळी तिथे जुना इंग्रजी रिवाज चालत होता. बाळाची हालचाल जाणवण्याआधी गर्भपात केला तर तो सहसा गुन्हा मानला जात नसे. बोस्टनचे डॉक्टर होरॅशियो स्टोरर यांनी 1857 मध्ये याविरुद्ध मोहीम उघडली. 1859 मध्ये संघटनेने ठराव करून राज्यांच्या कायदेमंडळांना कायदे कडक करायला सांगितलं. पुढच्या काही दशकांत राज्यामागून राज्य तसे कायदे करत गेलं. डॉक्टरांना गर्भाच्या जीवाची खरोखर काळजी होती, हे मान्य करायला हवं. पण गर्भपात करून देणाऱ्या सुईणी आणि बिगर-पदवीधर वैद्य हे त्यांचे व्यवसायातले प्रतिस्पर्धीही होते. 1859 मध्ये त्या संघटनेत एकही बाई सभासद नव्हती. पहिली बाई सभासद झाली 1876 मध्ये. बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला 1920 मध्ये. म्हणजे ठराव करणाऱ्यांत बाई नव्हती, कायदा करणाऱ्यांत नव्हती, आणि कायदा करणाऱ्यांना निवडून देणाऱ्यांतही नव्हती.

बाळंतपणाची गोष्टही याच वाटेने गेली. 1900 च्या सुमारास अमेरिकेतली जवळपास निम्मी बाळंतपणं सुईणींच्या हातून होत. 1907 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने एका सुईणीची शिक्षा कायम केली. बाळंतपण करणं हा वैद्यकीय व्यवसायच आहे असं कायदेमंडळ ठरवू शकतं, आणि मग परवान्याशिवाय ते करणं गुन्हा ठरतो, हे त्या निकालाचं सार. 1920 मध्ये शिकागोचे नामवंत प्रसूतितज्ज्ञ जोसेफ डिली यांनी पहिलटकरणींसाठी एक पद्धत सुचवली. बाईला गुंगीचं औषध द्यायचं, योनीमार्गाजवळ छेद घ्यायचा आणि फोर्सेप्स, म्हणजे मोठा चिमटा, लावून बाळ बाहेर काढायचं. काही बिघडलं म्हणून हे करायचं नव्हतं. बिघडू नये म्हणून सरसकट करायचं होतं. छेदाची ही प्रथा पुढे अनेक दशकं चालली. सरसकट छेद घेऊ नये असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं ते 2006 मध्ये.

आणि त्याच सुमारास घरच्या बाळंतपणाचा वाद पुन्हा पेटला. जून 2008 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ठराव केला की प्रसूतीसाठी सर्वात सुरक्षित जागा म्हणजे रुग्णालय किंवा रुग्णालयाच्या आवारातलं प्रसूतिकेंद्र, किंवा ठरावीक मानकं पाळणारं मान्यताप्राप्त केंद्र, आणि या भूमिकेला धरून होणाऱ्या कायद्यांना पाठिंबा द्यावा. तेव्हा अमेरिकेत घरी होणारी बाळंतपणं एकूण संख्येच्या एक टक्काही नव्हती. इतक्या थोड्या बायकांसाठी कायद्याची भाषा का करावी, हा प्रश्न तेव्हा अनेकींनी विचारला, आणि तो योग्यच होता.

पण इथे घाईने बाजू घेण्यात अर्थ नाही. सुरक्षिततेचा प्रश्न खोटा नाही. बाळंतपणात दहा मिनिटांत सगळं चित्र पालटू शकतं, आणि ते पालटताना ज्यांनी पाहिलंय ते डॉक्टर घाबरतात, यात त्यांचा दोष नाही. म्हणून आकडे पाहू.

इंग्लंडमध्ये 2008 ते 2010 या काळात कमी जोखमीच्या 64,000 हून अधिक बायकांच्या बाळंतपणांचा अभ्यास झाला, आणि 2011 मध्ये तो प्रसिद्ध झाला. बाळाचा मृत्यू, मेंदूला इजा, खांद्याच्या नसांना दुखापत अशा गंभीर गोष्टी एकत्र मोजल्या. पहिलटकरणींमध्ये रुग्णालयातल्या प्रसूतिकक्षात दर हजारी 5.3 बाळांच्या बाबतीत यातलं काही घडलं, तर घरी ठरवलेल्या बाळंतपणांत दर हजारी 9.3. दुसऱ्या किंवा पुढच्या खेपेच्या बायकांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी 45 टक्के बायकांना अखेर रुग्णालयात हलवावं लागलं. दुसऱ्या बाजूला, घरी ठरवलेल्या बाळंतपणांत सिझेरियन, फोर्सेप्स, छेद यांचं प्रमाण बरंच कमी होतं.

हे आकडे नीट वाचले तर दोन्ही टोकाच्या माणसांची पंचाईत होते. घरचं बाळंतपण नैसर्गिक म्हणून सुरक्षितच, असं म्हणणाऱ्याला पहिलटकरणींचा आकडा गिळावा लागतो. घरचं बाळंतपण म्हणजे आत्महत्या, असं म्हणणाऱ्याला हजारातला फरक चारचा आहे आणि दुसऱ्या खेपेला तोही दिसत नाही, हे कबूल करावं लागतं. आणि हे आकडे इंग्लंडमधले आहेत, जिथे घरी येणारी मिडवाइफ सरकारी आरोग्यसेवेतली असते आणि रुग्णालयात हलवायची व्यवस्था आधीपासून ठरलेली असते. जिथे ही व्यवस्था नाही तिथे ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. अशा माहितीचं काय करायचं? ती बाईसमोर ठेवायची. चार हा आकडा एखादीला फार मोठा वाटेल आणि ती रुग्णालयात जाईल. आधीच्या बाळंतपणात जिची हेळसांड झाली ती वेगळा हिशेब मांडेल. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी 2014 पासून हीच भूमिका घेतली. अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही पुढे नरमली. रुग्णालय आणि मान्यताप्राप्त प्रसूतिकेंद्र हीच सर्वात सुरक्षित ठिकाणं असं ती आजही मानते, पण माहिती घेऊन निर्णय करायचा हक्क प्रत्येक बाईला आहे, हेही ती त्याच कागदात लिहिते.

नकाराची किंमत

आता नकाराच्या हक्काकडे वळू. तो आपोआप मिळालेला नाही.

1987 साली वॉशिंग्टनमध्ये अँजेला कार्डर ही 27 वर्षांची, कर्करोगाने आजारी असलेली बाई गरोदरपणाच्या 26 व्या आठवड्याच्या सुमारास अत्यवस्थ झाली. बाळाला वाचवायला सिझेरियन करावं का, हे विचारायला रुग्णालयाचं प्रशासन न्यायालयात गेलं. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर शस्त्रक्रियेच्या विरोधात होते. सुनावणी रुग्णालयातच झाली. तिने शस्त्रक्रिया नको असं सांगितल्याची नोंद आहे. तरी न्यायाधीशांनी आदेश दिला आणि सिझेरियन झालं. बाळ सुमारे दोन तास जगलं, आई दोन दिवसांनी गेली. 1990 मध्ये वरच्या न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या गरोदर बाईचा निर्णय जवळपास प्रत्येक प्रसंगी तिचाच राहील, असं ठरलं. या अपिलात अमेरिकन मेडिकल असोसिएशन आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना या दोन्ही संस्था कार्डरच्या बाजूने उभ्या राहिल्या. डॉक्टरांच्या संघटना म्हणजे कायम बायकांच्या विरोधी गट, असं समजणाऱ्यांनी हा खटला जरूर वाचावा.

इंग्लंडमध्ये 1996 साली रक्तदाबाने धोका निर्माण झालेल्या एका गरोदर बाईने उपचार नाकारले. तिला मानसिक आरोग्य कायद्याखाली ताब्यात घेऊन सिझेरियन करण्यात आलं. मुलगी सुखरूप जन्मली. म्हणजे निकाल ‘चांगला’ लागला होता. तरीही 1998 मध्ये अपील न्यायालयाने ते कृत्य बेकायदा ठरवलं. डॉक्टरांना तिचा निर्णय विचित्र वाटला, एवढ्यावरून तिला वेडी ठरवता येत नाही आणि तिच्या शरीरावर सुरी चालवता येत नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. शेवट गोड झाला की जबरदस्ती माफ करायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, आणि या न्यायालयाने ती सवय नाकारली.

नकार द्यायचा तर आधी माहिती हवी. स्कॉटलंडमधल्या नदीन मॉन्टगोमेरी यांना मधुमेह होता आणि त्यांची चण लहान होती. अशा मातांच्या बाळाचा खांदा प्रसूतीत अडकायची शक्यता 9 ते 10 टक्के असते. बाळ मोठं आहे, ते खालून येईल ना, ही काळजी त्यांनी बोलून दाखवली होती. डॉक्टरांनी खांद्याच्या धोक्याबद्दल सांगितलं नाही. सांगितलं तर प्रत्येक जण सिझेरियनच मागेल, असं त्यांचं कारण होतं. 1999 मध्ये प्रसूतीच्या वेळी खांदा अडकला, बाळाला प्राणवायू कमी पडला आणि मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याचा विकार, झाली. 2015 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 52.5 लाख पौंडांची भरपाई मंजूर केली. त्याआधीच्या नियमानुसार, इतर डॉक्टरांनीही एवढंच सांगितलं असतं का, हे पाहिलं जाई. आता प्रश्न बदलला. या बाईच्या जागी असलेल्या माणसाला ही गोष्ट महत्त्वाची वाटली असती का? माहितीची मोजपट्टी डॉक्टरांच्या हातून रुग्णाच्या हाती आली.

कायदा कुणाशी बोलतो

गर्भपाताचे कायदे वाचताना एक गोष्ट बघायची: वाक्याचा कर्ता कोण आहे? ब्रिटनचा 1967 चा कायदा म्हणतो, दोन डॉक्टरांचं प्रामाणिक मत पडलं तर गर्भपात गुन्हा ठरणार नाही. 1973 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रो विरुद्ध वेड खटल्यात गर्भपाताला घटनेचं संरक्षण दिलं. हा निकाल बायकांच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणून ओळखला जातो. पण त्याच निकालात लिहिलंय की हा निर्णय मुळात वैद्यकीय आहे आणि त्याची मूळ जबाबदारी डॉक्टरची आहे. भारताचा 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदाही याच साच्यातला. तिन्ही ठिकाणी कायद्याने डॉक्टरला शिक्षेपासून वाचवलं. त्या वेळी बायकांना त्याचा मोठा आधार झाला, असुरक्षित गर्भपातांनी मरणाऱ्या बायकांना वाट मिळाली. पण ती वाट डॉक्टरच्या टेबलावरून जाते. डॉक्टर समजूतदार असला तर बाई सुटते, नसला तर अडकते.

डॉक्टरलाही बाजूला सारून कायदेमंडळ थेट खोलीत शिरलं तर काय होतं, हे आयर्लंडने दाखवलं. तिथल्या घटनेत 1983 मध्ये गर्भाच्या जगण्याचा हक्क आईच्या हक्काच्या बरोबरीने लिहिला गेला. ऑक्टोबर 2012 मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात सविता हलप्पनवार ही मूळची कर्नाटकातली 31 वर्षांची दंतवैद्य 17 आठवड्यांची गरोदर असताना दाखल झाली. गर्भ वाचणार नाही हे दिसत होतं. गर्भपात करा, असं तिने आणि नवऱ्याने विनवलं. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू असल्याने नकार मिळाला. जंतुसंसर्ग रक्तात पसरून ती गेली. 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के लोकांनी ती घटनादुरुस्ती काढून टाकली.

अमेरिकेत 24 जून 2022 रोजी रोचा निकाल उलटला. टेक्ससमध्ये गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, किमान एक लाख डॉलर दंड आणि परवाना रद्द, असा कायदा लागू आहे. आईच्या जिवाला धोका असेल तर सूट आहे, पण धोका किती वाढल्यावर सूट सुरू होते हे वॉर्डात उभ्या डॉक्टरला कळत नाही. मग तो वकिलाला फोन करतो, आणि बाई थांबून राहते. रोचा निकाल ज्या खटल्यात उलटला त्यात अमेरिकन मेडिकल असोसिएशन गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने न्यायालयात उभी होती. 1859 मध्ये जिने कायदे कडक करायला लावले तीच ही संघटना. तेव्हा तिला कायदेमंडळ खोलीत हवं होतं, आता ते तिथून बाहेर काढता येत नाही.

न्यूझीलंडने वेगळं काही केलं. 1990 मध्ये हेलन क्लार्क आरोग्यमंत्री असताना तिथे कायदा बदलला आणि मिडवाइफना डॉक्टरच्या देखरेखीशिवाय स्वतःच्या जबाबदारीवर प्रसूती करायचा अधिकार मिळाला. या बदलामागे मिडवाइफ होत्या आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून बाळंतपणातून गेलेल्या बायकांच्या संघटना होत्या. आज तिथल्या बहुसंख्य गरोदर बायका आपली मुख्य काळजीवाहक म्हणून मिडवाइफच निवडतात, आणि गरज पडली की तीच त्यांना तज्ज्ञाकडे पाठवते. ही व्यवस्था निर्दोष नाही. पण ती ठरवताना बायका टेबलाशी होत्या, हा फरक मोठा आहे.

भारतात

आपल्याकडचा 1971 चा कायदा ज्या समितीच्या अहवालावर उभा राहिला तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. समिती 1964 मध्ये नेमली गेली, अहवाल 1966 मध्ये आला. बेकायदा गर्भपातांत बायका मरत होत्या, आणि लोकसंख्येची चिंताही होती. भारतीय दंडविधानात गर्भपात गुन्हा होता आणि तो आजही आहे. 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 88 मध्ये तो तसाच आहे, आणि स्वतःचा गर्भपात करून घेणारी बाईही त्या कलमात येते. 1971 चा कायदा हा त्या गुन्ह्यातला अपवाद आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. 20 ते 24 आठवड्यांमध्ये दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि तेही ठरावीक गटांसाठी: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग स्त्रिया, वगैरे. 24 आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं.

या दुरुस्तीआधी 2014 मध्ये एक मसुदा आला होता. त्यात प्रशिक्षित परिचारिका, मिडवाइफ आणि आयुष डॉक्टरांनाही सुरुवातीच्या आठवड्यांतले गर्भपात करू द्यावेत अशी सूचना होती. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. 2021 मध्ये कायदा आला तेव्हा ती सूचना गायब होती. प्रशिक्षणाबद्दलची त्यांची शंका काही अंशी रास्त होती. पण ज्या तालुक्यात स्त्रीरोगतज्ज्ञच नाही तिथल्या बाईने काय करायचं, याचं उत्तर त्या विरोधात नव्हतं.

न्यायालयांची भाषा मात्र कायद्याच्या पुढे गेली आहे. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूल होऊ द्यायचं की नाही हा निर्णय घटनेच्या कलम 21 मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. सप्टेंबर 2022 मध्ये अविवाहित बायकांनाही 24 आठवड्यांपर्यंतची वाट मोकळी केली, आणि गर्भपातापुरतं तरी नवऱ्याने केलेल्या बलात्काराला बलात्कार म्हटलं. एक वर्षाने हा दुसरा प्रसंग. दोन मुलांची 27 वर्षांची विवाहित आई, बाळंतपणानंतरच्या नैराश्याने ग्रासलेली. स्तनपानाच्या काळात पाळी नसल्याने तिला गर्भ राहिल्याचं उशिरा कळलं, तेव्हा 24 आठवडे उलटून गेले होते. 9 ऑक्टोबर 2023 रोजी दोन न्यायाधीशांनी परवानगी दिली. मग वैद्यकीय मंडळातल्या एका डॉक्टरचा ईमेल आला की गर्भ जगू शकतो, त्याचे ठोके आधी थांबवावे लागतील, स्पष्ट आदेश द्या. दोन न्यायाधीशांत मतभेद झाले, प्रकरण तिघांपुढे गेलं, आणि 16 तारखेला परवानगी नाकारली गेली. बाई पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगत होती. डॉक्टर, कायदा आणि न्यायालय एकमेकांशी बोलत राहिले.

हे झालं ‘हवं’बद्दल. बाळंतपणाच्या खोलीत ‘नको’चीही तीच गत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशात 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. तेव्हा आपल्याकडे प्रश्न घरी की दवाखान्यात हा उरलेला नाही, दवाखान्यात बाईला कोण विचारतं हा आहे. त्याच सर्वेक्षणात सरकारी दवाखान्यांत सिझेरियनचं प्रमाण 14.3 टक्के आहे, खाजगीत 47.4 टक्के. एवढी तफावत नुसत्या आजारपणाने येत नाही. त्यात डॉक्टरांचं वेळापत्रक आहे, खटल्याची भीती आहे, पैसा आहे, आणि काही बायकांची स्वतःची मागणीही आहे. यातली कोणती निवड बाईने माहिती घेऊन केली आणि कोणती तिच्या गळी उतरवली, हे आकडा सांगत नाही. ते कळायला बाईलाच विचारावं लागतं, आणि तसा प्रश्न विचारणारी रुग्णालयं मला फार दिसत नाहीत.

संमतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा समीरा कोहली निकाल प्रत्येक बाईला ठाऊक हवा. 44 वर्षांची अविवाहित बाई दुर्बिणीने तपासणीसाठी टेबलावर गेली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकण्यात आले. न्यायालयाने सांगितलं की तपासणीला दिलेली संमती म्हणजे शस्त्रक्रियेला दिलेली संमती नव्हे. रुग्ण सज्ञान असेल, भुलीतून बाहेर येईपर्यंत थांबता येत असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर आईच्या सहीला काही अर्थ नाही. शस्त्रक्रिया तिच्या भल्याची होती, हा बचाव चालला नाही. भरपाई मात्र मिळाली फक्त 25,000 रुपये. हा निकाल मराठवाड्यापर्यंत पोचला असता तर बरं झालं असतं. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढल्याचं 2019 मध्ये उघड झालं. सरकारी समितीच्या पाहणीत 13,000 हून अधिक बायकांची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. कागदावर त्यांतल्या पुष्कळशा सह्या व्यवस्थित असतील. पण पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मजुरी कापली जाते, आणि दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली जाते, तेव्हा त्या सहीला निवड म्हणता येत नाही.

मिडवाइफच्या बाबतीत भारताने 2018 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि 2023 मध्ये परिचर्या व मिडवाइफरी यांच्यासाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. प्रशिक्षित मिडवाइफने साध्या बाळंतपणाची जबाबदारी स्वतः घ्यावी, अशी त्यामागची कल्पना आहे. तिला खरोखर किती अधिकार मिळतो हे आता राज्यांतल्या नियमांवर अवलंबून आहे, आणि ते नियम लिहिताना डॉक्टरांच्या संघटनांना बोलावलं जाईलच. बाळंतपणातून गेलेल्या बायकांना बोलावलं जातं का, याकडे आपल्यापैकी कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.

तोवर हाती असलेल्या कायद्यातून एवढं नक्की वापरता येतं. गर्भपातासाठी 18 वर्षांवरच्या, मानसिकदृष्ट्या सक्षम बाईची फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची, सासूची, आईवडिलांची सही कायदा मागत नाही. कुणी मागितली तर ती कोणत्या कलमाखाली हवी आहे, ते लेखी द्यायला सांगावं. गर्भपात करून घेणाऱ्या बाईचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरला बंधनकारक आहे, आणि ते फोडलं तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद 2021 च्या दुरुस्तीत आहे. प्रसूतीच्या वेळी सोबत एक बाई राहू शकते, असं केंद्र सरकारने 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांना कळवलेलं आहे. सिझेरियन सुचवलं तर ते का हवं, थांबलं तर काय होईल आणि दुसरा पर्याय कोणता, हे तिन्ही प्रश्न विचारायला वेळ मागता येतो. तातडीचा धोका असेल तर डॉक्टर तो एका वाक्यात सांगू शकतात. संमतीचा कागद सही करण्याआधी वाचायला मागावा, आणि त्यात छापलेल्या ज्या गोष्टीला आपली हरकत आहे त्या ओळीशेजारी तसं स्वतःच्या हाताने लिहून मग सही करावी.